मोकळे, बंद आणि विचारून

विजूताई,

तुम्ही गेलात त्याला आठ दिवस झाले होते. सरांनी मला वर बोलावून सांगितलं, शोकसभेत पडद्यावर दाखवायला ताईंचा एखादा शॉट काढा. चालताना, बोलताना, काहीही चालेल. मी खाली येऊन सिस्टीममध्ये तुमचं नाव टाकलं. विजया, मग आडनाव. एकही चित्र आलं नाही. तीस वर्षं तुम्ही अंधेरीतल्या चॅनेलच्या लायब्ररीत, या एका मजल्यावर, अख्ख्या महाराष्ट्राचे पूर, सभा, लग्नं, मिरवणुका रॅकवर लावून ठेवल्यात, आणि तुमचा स्वतःचा पाठमोरा शॉटसुद्धा त्यात नव्हता.

चित्राऐवजी सिस्टीमने एक यादी दिली. तुम्ही कोणती नोंद उघडली, तिच्यात काय बदललं, कधी बदललं. ती यादी मी खाली खाली नेत गेले. मग खुर्ची मागे सरकवली आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. आपल्या इथे रडायला तेवढी एकच जागा आहे, हे पहिल्या महिन्यात तुम्हीच मला सांगितलं होतं.

त्या यादीत काय होतं ते लिहिणारच आहे. पण त्याआधी दुसरं लिहायला हवं, जे तुम्ही होतात तोवर माझ्या तोंडून निघालं नाही. मनोरीच्या मावशींचा तो शॉट माझ्यामुळे बाहेर गेला. बोलणी तुम्ही खाल्लीत, खुर्ची तुमची गेली, आणि मी शेजारी उभी राहून जमिनीकडे बघत होते.

मी तुमच्याकडे आले ती स्टिकर चिकटवायला. आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात आठवीनंतरची शाळा नदीपलीकडे होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरात एकीने थांबायचं होतं, ती मी थांबले. पुढे आई जरा हिंडूफिरू लागली तेव्हा आत्याबरोबर मुंबईला, मरोळला आले, आत्या परत गेली, मी राहिले. कंत्राटदाराने आम्हा चौघींना टेपांच्या पाठीवर बारकोड लावायला पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही रॅकपाशी येऊन विचारलंत, नाशिकच्या टेपांमधून नागपूरची टेप कोणी काढली. मी घाबरून सॉरी म्हटलं. तुम्ही म्हणालात, सॉरी काय सॉरी, ती दोन वर्षं हरवली होती. मग विचारलंत, किती शिकलीस. आठवी, म्हटलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "आठवीत काय वाचायला शिकवत नाहीत? तू वाचतेस तर नीट." स्टिकर संपल्यावर बाकीच्या तिघी गेल्या. मला तुम्ही ठेवून घेतलंत. सरांना तुम्ही काय सांगितलं होतंत ते मला पुष्कळ उशिरा कळलं. या मुलीचं काम चुकलं तर मला विचारा, असं.

हे तुम्ही बोलायला नको होतं, ताई.

शॉट लिहायला तुम्ही शिकवलंत. काय दिसतं ते लिही, काय वाटतं ते लिहू नकोस. मी पहिल्याच दिवशी लिहिलं, बिचारी बाई रस्त्यावर उभी आहे. तुम्ही पेन्सिलीने 'बिचारी' खोडलंत. म्हणालात, बिचारी कुठे दिसते, बोट ठेवून दाखव. मी पडद्यावर तिच्या तोंडावर बोट ठेवलं. तुम्ही हसलात. "बाये, कॅमेरा हलतोय म्हणून तशी दिसते. ती बसची वाट बघतेय." मग कसं लिहायचं ते सांगितलंत: बाई, पन्नाशी, हिरवं लुगडं, डाव्या हातात पिशवी, मागे बसथांबा. एकदा मी 'लोकं जमून राहिले' लिहिलं. इथली सगळी मंडळी माझ्या बोलण्याला हसायची, म्हणून मी लगेच खोडायला गेले. तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, राहू दे, तुझ्या बोलण्यात चित्र हलतं, फक्त शेजारी 'गर्दी' असंही लिही, नाहीतर शोधणाऱ्याला सापडायचं नाही. माझ्या भाषेला मुंबईत कोणी काही चांगलं म्हटलं ते तेवढंच.

आणि आई गेली तेव्हाचं. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरात तिचा फोटो नव्हता, रेशनकार्डावरचा होता तो ओळखू येत नव्हता. परत येऊन मी कामाला लागले, कोणाला काही बोलले नाही. दोन दिवसांनी दुपारी तुम्ही मला जुन्या टेपमशीनपाशी बसवलंत. भंडारा, बाजार, बायका, एवढ्या तीन शब्दांवरून तुम्ही एक टेप शोधून काढली होती. तुझ्या गावचा बाजार नाही मिळाला, म्हणालात, पलीकडच्या गावचा आहे, बघ. आपण ती दोन वेळा पाहिली. आई त्यात नव्हती. पण तिच्यासारखा पदर घेतलेल्या, तिच्यासारख्या उकिडव्या बसून वांगी दाबून बघणाऱ्या कितीतरी जणी होत्या. तुम्ही मध्येच विचारलंत, ही भाजी कोणती गं. मी सांगितलं. तुम्ही ते नाव नोंदीत घातलंत, माझ्यासमोर. या नोकरीत मी काय करते, हे मला त्या दुपारी कळलं.

शोकसभेत एकजण म्हणाला, ताई जुन्या वळणाच्या होत्या, सिस्टीमशी त्यांचं जमलं नाही. मला उठून बोलायचं होतं. मी बसून राहिले. खरं तर सिस्टीम यावी म्हणून सगळ्यात जास्त भांडलात तुम्ही. एकाच गणपतीला इथे पाच नावं असायची. कॅमेरामन चिठ्ठीवर 'गणपती एक' लिहायचा, एडिटला त्याचं 'विसर्जन फायनल' व्हायचं, प्रोमोवाल्यांकडे तो 'ढोल चांगला' असायचा, आणि आपल्याकडे येईपर्यंत कुठला गणपती, कुठलं वर्ष, कोणाला ठाऊक. तुम्ही म्हणायचात, शूटिंगच्या जागीच एकदा लिहा, कोण आहे, कुठे आहे, कोणाची परवानगी घेतली, आणि तो कागद चित्राच्या गळ्यात बांधून सोडा. एडिटवाल्याने तोच बघायचा, दाखवणाऱ्याने तोच, आपणही तोच. सगळ्यांचा एकच तक्ता.

तो तक्ता सिस्टीममध्ये बसवायला निखिल पुण्याहून आला तेव्हा तुम्ही त्याला घरून घावणे आणून खाऊ घातलेत. तुम्हा दोघांचं चालायचं ते ऐकायला वरच्या मजल्यावरचे लोक खाली यायचे. तुझ्या मशीनला विचार माझा चष्मा कुठे आहे, तुम्ही म्हणायचात. चष्म्याला बारकोड लावा ना ताई, तो म्हणायचा. कोणी काय बदललं आणि कोणी काय उघडून पाहिलं, याची नोंद सिस्टीमने आपोआप ठेवावी, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. ते तुम्ही सुचवलंत. म्हणालात, उद्या भांडण झालं तर माणसं विसरतात.

तुमचं त्याच्याशी अडलं ते एकाच जागी. शेऱ्याच्या रकान्याशी.

एकतीस रजिस्टरं होती आपली. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला शेरा. काय वाटतं ते लिहू नको, असं मला सांगणाऱ्या तुम्ही त्या रकान्यात वाटेल ते लिहून ठेवलं होतं. चॅनेलला लोकांचे फोन यायचे, आमच्या बाबांना का दाखवता, आमच्या मुलीला का दाखवता. असे फोन कोणाला द्यायचे ते खालच्या रिसेप्शनला कळायचं नाही, म्हणून ते लायब्ररीत टाकायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि पेन्सिलीने शेरा लिहायचात. 'मागे उभा आहे तो गृहस्थ ऑफिसला दांडी मारून आलेला, चेहरा टाळावा.' 'मुलीला शाळेत चिडवतात, आईला विचारून.' 'आजोबांचा शेवटचा शॉट. नातू मागायला येईल, द्यावा.' आणि मनोरीचा: 'जेटी. बाई ऊर बडवते. नवरा बोटीवरून परत आला नाही. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, रडणं परत नको. शब्द दिला.'

नव्या तक्त्यात शेरा नव्हता. वापराच्या रकान्यात दोनच पर्याय होते, मोकळे किंवा बंद. तुम्हाला तिसरा हवा होता, विचारून. मीटिंगमध्ये निखिल म्हणाला, विचारून म्हणजे कोणाला विचारून, मशीन काय फोन करणार का. मशीन नुसतं थांबेल, तुम्ही म्हणालात, फोन मी करीन. तो म्हणाला, "आणि तुम्ही रिटायर झाल्यावर?"

तुम्ही रजिस्टर मिटलंत. सर घड्याळाकडे बघत होते.

त्या दिवशी जिन्यात मी तुम्हाला म्हटलं होतं, ताई, त्याचंही बरोबर आहे. तुम्ही दोन पायऱ्या पुढे होतात. वळून म्हणालात, "हो का गो? मग मनोरीच्या बाईला जाऊन सांग तसं." आपलं ते भांडण तिथेच राहिलं. मला अजूनही वाटतं, तुमचं अर्धं चुकलं होतं. शब्द तुम्ही दिलात, पण तुमच्यानंतर तो पाळायचा कोणी, हे कुठेच लिहिलं नाहीत. तुम्ही कधी जाणारच नाही असं धरून चाललात. असं कोणी करतं का?

तिसरा पर्याय मिळाला नाही. तेव्हा तुम्ही मला बसवून काम समजावलंत. रजिस्टर उघडायचं, ज्या टेपेला शेरा आहे तिच्यापुढे 'बंद' घालायचं, बाकीच्यांपुढे 'मोकळे'. सावकाश कर, म्हणालात. पण शुक्रवारपर्यंत सगळ्या नोंदी सिस्टीममध्ये चढवायच्या होत्या, आणि त्याच महिन्यात माझं कंत्राट पुढे चालू राहणार की नाही ते ठरणार होतं. वापराचा रकाना रिकामा असला की सिस्टीम ओळ घेत नाही, लाल करून परत पाठवते. गुरुवारी दुपारी माझा पडदा वरपासून खालपर्यंत लाल होता. मी पहिल्या ओळीत 'मोकळे' लिहिलं, माऊसने कोपरा धरला आणि खाली ओढलं. शेवटच्या ओळीपर्यंत. सगळं हिरवं झालं.

मनात होतं, आधी चढवू, मग रजिस्टर घेऊन एकेक 'बंद' करू. निखिलने येऊन बघितलं आणि म्हणाला, झकास, एक दिवस आधी. सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. माझं नाव कोणी असं आधी घेतलं नव्हतं. सोमवारी तुम्ही विचारलंत, शेऱ्यांचं बघितलंस ना. मी म्हटलं, हो ताई.

तुम्ही काम झाल्याच्या कागदावर खाली सही केलीत. तपासून नाही केलीत. मी हो म्हटलं होतं म्हणून केलीत.

नंतर रोज वाटायचं, उद्या करते. रजिस्टरं तुमच्या कपाटात होती. ती मागायची तर कशाला ते सांगावं लागणार. एकदा तुमच्या टेबलापर्यंत आले होते, तुम्ही डबा उघडत होतात, माझ्या हातावर सोलकढीची बाटली ठेवलीत. मी पिऊन परत गेले.

मग तो पावसाच्या आधीचा दिवस. मच्छीमार बोटींवर काय काळजी घ्यावी, असा टीव्हीवर लावायचा एक छोटा तुकडा होता. आता असे तुकडे कोणी बसून जोडत नाही. विषय दिला की सिस्टीम तक्त्यातून मोकळे शॉट उचलते आणि लावते. आपण कँटीनमध्ये जेवत होतो. समोरच्या टीव्हीवर जेटी आली, बोटी आल्या, आणि मावशी आल्या, ऊर बडवताना, केस सुटलेले. तुमचा चमचा ताटात पडला. तुम्ही उठून वर पळालात. मी बसूनच राहिले. तुकडा बदलेपर्यंत तो सकाळपासून कितीदा तरी लागून गेला होता.

मावशींच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी तो तुकडा पाहिला आणि फोनाफोनी सुरू झाली, ही त्याची आई काय, असा मेला काय तो माणूस. हे सगळं मावशींनी फोनवर तुम्हाला सांगितलं. संध्याकाळी सरांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. काच होती, आवाज येत नव्हता, पण सरांचा हात टेबलावर दोनदा आपटलेला दिसला. बाहेर येऊन तुम्ही मला एवढंच म्हणालात की उद्या मनोरीला जायचंय, लवकर ये.

मार्वेच्या धक्क्यावरून आपण बोटीने खाडीपलीकडे मनोरीला गेलो. मावशींच्या दारात शेजारच्या बायका आधीच जमल्या होत्या. तुम्ही चप्पल काढून उभ्या राहिलात, ओट्यावर चढला नाहीत. म्हणालात, चूक माझी आहे, माफी मागायला आलेय. मावशींनी तुम्हाला बसा म्हटलं नाही. जे बोलायचं ते सगळ्यांदेखत बोलल्या. मी ते सगळं इथे लिहिणार नाही. एक लिहिते, कारण ते माझ्या कानातून जात नाही. "तुझ्या घरचं कोणी मेलं असतं, तर दाखवलं असतंस काय म्हातारे? तुला मागेपुढे कोणी आहे का, तुला काय कळणार?" तुम्ही मान हलवलीत. नाही कळणार, म्हणालात.

मला तेव्हा बोलायचं होतं. मी केलं, एवढे दोन शब्द. मी तुमच्या मागे उभी होते, तुमच्या साडीचा काठ उसवला होता तो बघत.

परतीच्या बोटीत मी म्हटलं, ताई, मला काहीतरी—. तुम्ही म्हणालात, लांब बघ, पाण्याकडे खाली बघू नकोस, मळमळेल. आणि तोंड वळवलंत. तेव्हा मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं नाही.

तुमची निवृत्ती जवळच आली होती. तोवर तुम्हाला लायब्ररीतून काढून खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. काम काही दिलं नाही. तुम्ही कपाटातली रजिस्टरं मागून घेतलीत आणि दिवसभर ती उघडून बसायचात, शेजारी कॉम्प्युटर. लोक म्हणायचे, ताई जुनं वाचत बसतात, वेळ जात नाही बिचारीचा. बिचारी म्हणायचे, आणि मी तेही खोडलं नाही. चहा आणून द्यायचे तुम्हाला. तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणायचात, ठेव तिथे. शेवटच्या दिवशी शाल नाही, नारळ नाही. निखिलने तुम्हाला रिक्षापर्यंत सोडलं. मी दुसऱ्या जिन्याने उतरले.

बोरीवलीच्या हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसलेल्या होतात, मनगटं अगदी काडीसारखी. तुमचे भाऊ कणकवलीहून आले होते, ते मला खुर्ची देऊन बाहेर गेले. मी ठरवून आले होते की आज सांगायचं. तुम्ही मला पहिलंच विचारलंत, निखिलने तिसरा पर्याय घातला का. मी म्हटलं, ताई, आता तरी ते राहू द्या ना. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली. मी अर्धा तास बसले आणि निघाले. तुम्हाला माझं शेवटचं बोलणं ते. राहू द्या.

आता ती यादी.

मनोरीची नोंद मी उघडली. वर माझं नाव, गुरुवारची दुपार, 'मोकळे'. त्याच्या खाली तुमचं नाव. पाहिले. तारीख तीच, कँटीनमधून तुम्ही वर पळालात ती, वेळ जेवणाच्या सुट्टीची. म्हणजे सरांनी केबिनमध्ये बोलवायच्या आधी तुम्हाला ठाऊक होतं. माझं नाव वाचून तुम्ही आत गेलात आणि चूक माझी म्हणालात. मनोरीच्या दारात माझं नाव वाचलेलं होतं तुम्ही. बोटीत मी तोंड उघडलं तेव्हाही.

मी तुमच्यावर फार चिडले, ताई. अजून चिडलेली आहे. मला बोलला का नाहीत? दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर मी सुटले असते. तुम्हाला वाटलं असेल, हिचं कंत्राट जाईल, ही परत जाईल, गावाला. खरंच वाटलं असेल तर ते बरोबरच होतं, गेलंच असतं. मी आज या खुर्चीवर बसून हे टाइप करते आहे ते तुम्ही गप्प राहिलात म्हणून. उपकार म्हणावेत तर ते फेडायला माणूस नाही, आणि उपकार म्हणू नयेत तर मग हे काय होतं?

यादी तिथे थांबत नाही. मनोरीच्या खाली तुमचं नाव परत येतं: बंद. मग पुढची टेप, बंद. मग पुढची. रजिस्टर पहिलं, दुसरं, तिसरं. खिडकीजवळ बसून तुम्ही जुनं वाचत नव्हतात. मी ओढलेलं उलटं नेत होतात, एकेक ओळ. तेविसाव्या रजिस्टरच्या मध्यावर यादी संपते. ती शेवटच्या दिवसाची दुपार आहे.

म्हणजे उरलेल्या रजिस्टरांतले सगळे अजून मोकळे होते. शाळेत चिडवलेली मुलगी. आजोबा. आणि पुढच्या महिन्यापासून सिस्टीमने जोडलेले तुकडे मधे कोणी न बघता थेट जाणार, असं ठरलं होतं. गुपचूप बसून दुरुस्त करायचं म्हटलं तरी माझ्याने महिन्याभरात होण्यासारखं नव्हतं. सांगावंच लागणार होतं.

ते कळल्यावरही मी तीन दिवस गेले नाही, हेही लिहून ठेवते. चौथ्या दिवशी सरांकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं, यादीचा कागद पुढे ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, तेव्हा का नाही बोललात. घाबरले होते, म्हटलं. सरांनी त्या कागदावरच्या तुमच्या नावावर बोट ठेवलं. म्हणाले, "त्याही काही बोलल्या नाहीत मला. आणि मी त्यांना..."

थेट जाणारे तुकडे थांबवले आहेत. निखिलने तिसरा पर्याय घातला, एका दुपारचं काम होतं ते. विचारून. त्याच्या पुढे त्याने दोन चौकोन ठेवले, कोणाला विचारायचं, आणि विचारणार कोण. दुसरा चौकोन रिकामा असला तर ओळ लाल होते. आपल्या भांडणात अर्धं तुमचं खरं होतं आणि अर्धं त्याचं, ते दोन्ही आता तक्त्यात आहे. मला सरांनी उरलेली रजिस्टरं संपवायला सांगितली आहेत. त्यानंतर मी इथे असेन की नाही, ते म्हणाले, बघू. त्या बघूचा अर्थ मला कळतो. भीती वाटते. रोज वाटते.

गेल्या रविवारी मी एकटी मनोरीला गेले. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मुलाचं लग्न झालंय, सून आत होती. त्यांनी मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं, मग गुरुवारच्या दुपारपासून सगळं सांगितलं. त्यांचे हात चालूच होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, आणि ती बाई.

गेल्या, म्हटलं. महिना होत आला.

हात थांबले. सूप त्यांनी बाजूला ठेवलं.

"मी तिला काय काय बोलले, तू होतीस ना तिथे?"

होते, म्हटलं.

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं काय तुझं?"

मावशी रागावल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर त्याची तयारी करून मी आले होते. त्या रागावल्या नाहीत. लांब जेटीच्या बाजूला बघत हळू म्हणाल्या, "तिला मागेपुढे कोणी नाही म्हणाले मी. सगळ्यांसमोर म्हणाले. ते आता मी कोणाकडून परत घेऊ?"

तुम्हाला याचं उत्तर आलं असतं का, ताई? मी ओट्याच्या कडेला बसले. त्यांनी बस म्हटलं नव्हतं. जेटीवरून इंजिनाचा आवाज आला. बोट सुटेल तुझी, त्या म्हणाल्या. पुढची घेते, म्हटलं.

तीही गेली.